दिवसाच्या खुंट्या

प्रश्न असा आहे: मुलगी आठ वर्षांची, दुसरीनंतर शाळेतून काढली, आता घरीच शिकवायचं आहे. धाकटा साडेचारचा. घर डोंबिवलीत, दोन खोल्या, सासूबाई सोबत. नवरा सकाळी सातच्या लोकलने जातो, रात्री साडेआठला येतो. ताई स्वतः दुपारी एक ते पाच घरूनच अकाउंट्सचं काम करतात. तीन वेळा वेळापत्रक केलं आणि तिन्ही वेळा ते तिसऱ्या दिवशी कोलमडलं. शिस्त लावली तर रडारड, सोडून दिलं तर मूल मागे पडेल ही धास्ती. मग दिवस बसवायचा कसा, आणि मोठीला शिकवताना धाकट्याचं काय करायचं?

ताई, तिसऱ्या दिवशी कोलमडलं म्हणजे माझ्यापेक्षा एक दिवस जास्तच टिकलं.

आम्ही सोलापूरचे. मुलाला पहिलीनंतर घरी शिकवायला लागले त्याला आता चौदा वर्षं झाली. तो कॉलेजात आहे, मुलगी सोळाची. पहिल्या आठवड्यात मीही कार्डशीट आणलं, लाल-हिरव्या स्केचपेनने चाळीस-चाळीस मिनिटांचे तास आखले. हौस एवढी की तास संपल्याची खूण म्हणून देव्हाऱ्यातली घंटा आणून टेबलावर ठेवली. सासूबाईंनी दिवसभर काही म्हटलं नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी हात पुढे केला. "पोराला शाळेतून काढलंस, बरं केलंस. घंटा दे इकडं." दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांआड येतं. ते आलं की माणूस आंघोळीतून उठून पिंप भरतो. मी भरत होते आणि मनात एकच चाललं होतं, गणित बुडालं, गणित बुडालं.

पुढे वर्षभराने त्याच पाण्याने गणित शिकवलं, ते सांगते. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता, तुमच्या लेकीएवढा. वीस लिटरची बादली नळाखाली ठेवायची आणि बापाच्या जुन्या मोबाइलवर वेळ मोजायची हा त्याचा खेळ. पाणी आलं आलं की बादली पन्नास सेकंदांत भरायची. गल्लीतल्या सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या की तिलाच ऐंशी सेकंद लागायचे. दोनशे लिटरचं पिंप म्हणजे दहा बादल्या, म्हणजे पाचशे सेकंद, असा त्याने हिशेब मांडला आणि मिनिटं करायला बसला. आठ मिनिटं वीस सेकंद. पिंपाला प्रत्यक्षात अकरा मिनिटं लागली. आधी रागावला, घड्याळच खोटं म्हणाला. पुढच्या पाण्याला प्रत्येक बादलीची वेळ कोळशाने मोरीच्या भिंतीवर लिहिली. पन्नास, बावन्न, सत्तावन्न... सरासरी हा शब्द मी त्यानंतर दोन वर्षांनी सांगितला, तेव्हा म्हणाला, "म्हणजे ते भिंतीवरचं?"

पाण्यातून गणित शिका असं यातून सांगायचं नाही. डोंबिवलीत तुमच्या सोसायटीला दोन वेळ पाणी येत असेल, तर ते तुमच्या कामाचं नाही. सांगायचं आहे ते वेळापत्रकाबद्दल. माझ्या तक्त्यात भाषा होती, परिसर अभ्यास होता, चित्रकला होती. पाणी नव्हतं. कुकर नव्हता, दूधवाला नव्हता, कपडे वाळत घालणं नव्हतं, मी नव्हते. शाळेचं वेळापत्रक चालतं, कारण तिथे शिकवणारीला त्या वेळेत भाजी चिरायची नसते. तेच घरात टांगलं की मोडणारच. तुमचे तिन्ही तक्ते काढून बघा. त्यात दुपारच्या जेवणाची तयारी कुठे आहे? एक वाजता लॅपटॉप उघडायच्या आधी तुम्ही पाच मिनिटं पाठ टेकता, ती कुठे आहेत?

म्हणून पहिले आठ दिवस काहीही आखू नका. एक जुनी डायरी घ्या आणि जे होतं ते रात्री लिहा. उठली किती वाजता, भूक कधी लागली, दोघांची मारामारी कधी झाली, मोठी आपणहून काय घेऊन बसली, तुमचा आवाज कधी चढला. चार-पाच ओळी पुरे. आठव्या दिवशी वाचलं की दिसेल, तुमच्या घराला लय आधीपासून आहे. आमच्याकडे साडेअकराला रोज भांडण व्हायचं. मी ते स्वभावाचं समजत होते. वहीत पाहिलं तर सकाळची न्याहारी आठला आणि जेवण एकला. साडेअकराला पोरं उपाशी असायची. त्या वेळी एकेक केळं आणि मूठभर शेंगदाणे द्यायला लागले, आणि महिन्याभराचं समुपदेशन वाचलं.

त्या वहीतून खुंट्या शोधायच्या. खुंटी म्हणजे जी गोष्ट तुम्ही न ठरवताही रोज होतेच ती. न्याहारी. आंघोळ. तुमचं एक वाजताचं लॉगिन. पाचचा चहा. दिवेलागण. रात्री नवऱ्याची किल्ली दारात वाजणं. यातल्या तीनच निवडा आणि प्रत्येकीला एकच गोष्ट अडकवा. खुंटीला घड्याळ नको, क्रम हवा. न्याहारीच्या ताटल्या विसळल्या की अभ्यासाची चटई पसरायची, एवढंच ठरवायचं. पाहुणे आले आणि न्याहारी दहाला झाली तर चटई सव्वादहाला. काहीही "बुडत" नाही, कारण साडेनऊचा तास असं काही नव्हतंच. मुलांना वेळ कळत नसली तरी 'हे झालं की ते' पक्कं कळतं. धाकटा तर दोन आठवड्यांत तुमच्या आधी चटई घेऊन उभा राहील.

सात-आठ खुंट्या घेऊ नका. मी घेतल्या होत्या. तो पुन्हा तक्ताच होतो, फक्त घड्याळ काढलेला.

चटईवर किती वेळ बसवायचं? आठ वर्षांच्या मुलीला तासभर, फार तर सव्वा तास, आणि तोही तुकड्यांनी. वीस मिनिटं वाचन, वीस मिनिटं गणित, मध्ये उठून पाणी पिणं, गॅलरीत जाणं, मग दहा मिनिटं लिहिणं. हे ऐकून बहुतेक पालकांचा चेहरा पडतो. शाळा सहा तास, आणि घरी एक? हिशेब करा. पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात चाळीस मुलं. बाईंनी एक क्षणही हजेरी-दटावणीत घालवला नाही, तरी एका मुलाच्या वाट्याला बावन्न सेकंद येतात. तुमच्या लेकीला वीस मिनिटं अख्खी आई मिळते. ती हातचा घ्यायला विसरली तर तुम्हाला त्याच गणितात दिसतं, महिन्यांनी पेपर आल्यावर नाही. आणि तिला अजून करावंसं वाटत असतानाच थांबवा. आमच्या मुलीला सोळापर्यंतचे पाढे असेच आले. रोज "बास, उरलेलं उद्या" म्हटलं की ती उरलेलं झोपाळ्यावर बसून म्हणायची.

पण हा तासही लगेच सुरू करू नका. ती नुकती शाळेतून आली आहे. घरशाळावाल्यांत एक ढोबळ हिशेब चालतो, शाळेत जितकी वर्षं काढली तितके महिने नुसते जाऊ द्यायचे. तुमच्या लेकीची नर्सरीपासून पाच वर्षं झाली. म्हणजे दिवाळीच्या आसपासपर्यंत ती लोळेल, "मला कंटाळा आलाय" म्हणेल, तीच ती गोष्टीची पुस्तकं वाचेल. हा काळ पालकांना फार जड जातो, मुलांना नाही. या काळात वाचून दाखवा, बाहेर न्या, पत्ते खेळा. पत्त्यांत वजाबाकी पुष्कळ होते. तक्ता मोडल्यावर आमच्या मुलाने तीन महिने फक्त सायकलची चेन काढली आणि बसवली. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मी "मेकॅनिक्स चाललंय" असं सांगत होते, आतून पोटात गोळा होता.

आता धाकटा. मोठीला घेऊन बसलात की तो पेन्सिल पळवतो, मांडीत घुसतो, तेवढ्यातच त्याला शी लागते. हे खोडकरपणामुळे नाही, त्याला त्याच्या वाटची आई अजून मिळालेली नसते. म्हणून चटईची पहिली पंधरा मिनिटं त्याची. गोष्ट, बडबडगीत, मांडीवर बसून चित्रं. मोठी तेवढ्यात झाडांना पाणी घालेल. त्याचं पोट भरलं की एक डबा काढायचा, जो फक्त चटईच्या वेळीच निघतो. आमच्या डब्यात चिंचोके, बाटल्यांची झाकणं, एक तुटकं कुलूप आणि त्याच्या तीन किल्ल्या होत्या. तुमचा साडेचारचा अजून वस्तू तोंडात घालत असेल तर चिंचोके नकोत. डबा दिवसभर उघडा राहिला तर आठवड्यात मरतो, म्हणून चटई गुंडाळली की डबा माळ्यावर. साडेचारच्या मुलाला अक्षरं गिरवायला बसवू नका, तो ताईच्या वाचनातून किती उचलतो ते आपोआप कळेल. आमची धाकटी भावाचे पाढे ऐकून बोलायची, अर्थात सगळे चुकीचे, पण सुरात.

सासूबाई घरात आहेत हे तुमचं भाग्य आहे, आणि अवघडही आहे. दोन्ही बोलू. त्यांना वर्कशीट तपासायला देऊ नका. त्यांची परीक्षा घेतल्यासारखं होतं, आणि त्या मुलीला "एवढंही येत नाही?" म्हणून जातात. त्यांना त्यांच्या पद्धतीचं काम द्या. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. पण पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊणचे पाढे, तोंडपाठ. दुपारी तांदूळ निवडताना त्या एक ओळ म्हणायच्या, पोरं पुढची म्हणायची. पाच पाव सव्वा, पाच निमे अडीच. अपूर्णांक पुस्तकात आले तेव्हा मुलांना ते ओळखीचे वाटले. शिवाय आमच्या गल्लीत अर्धी घरं कानडी, काही तेलुगू. सासूबाईंच्या ओट्यावरच्या बायकांत बसून मुलगी कानडी बोलायला लागली, त्यासाठी मी तर काहीच केलं नाही. अवघड भाग असा की सासूबाईंची संध्याकाळची मालिका ही त्यांची खुंटी आहे. ती हलवायला जाऊ नका. त्या वेळात मुलांना खाली खेळायला धाडा.

एक ते पाच तुमचं काम. या चार तासांत मुलांनी "अभ्यास" करावा ही अपेक्षा आधी काढून टाका. हा त्यांचा मोकळा वेळ. जेवण झालं की धाकटा झोपेल, आणि मोठीचा तासभर एकटीचा. खोली छोटी असेल तर कोपरा, पडदा, चटईचा तंबू. पुस्तक, चित्र, लेगो, काहीही, फक्त स्क्रीन नको आणि आईला हाक नको. पहिल्या आठवड्यात दर दहा मिनिटांनी येईल. दारावर एक लाल ओढणी लावा. ओढणी असेपर्यंत फक्त रक्त आलं तर किंवा दारात कुणी आलं तर हाक मारायची. आमची कन्या एकदा रक्त दाखवायला आली होती, डासाचं होतं. स्क्रीनबद्दल माझं मत एवढंच: मोबाइल द्यायचाच असेल तर तोही एका खुंटीला अडकवा, चार वाजताचा दूध-बिस्किटाचा वेळ म्हणा. दिवसभर "थोडा वेळ" चालू राहिला की भांडण रोजचं.

नवऱ्याचं. साडेआठला थकून आलेल्या माणसाला "आज तिची गणितं बघा" म्हणू नका. दोघंही रडतात, मी पाहिलंय. त्याच्या खुंटीला वाचन अडकवा. जेवण झालं की अंथरुणावर एक प्रकरण, मोठ्याने. तो वाचताना पेंगला तरी चालतं, मुलांना ते जास्तच आवडतं. पण प्रकरण छोटं ठेवा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. बापाची वाट बघत अकरा वाजले तर दुसऱ्या दिवशीची चटई गेलीच समजा. घरशाळेतली मुलं साडेआठला उठली तरी काही बिघडत नाही. हा आपल्याला मिळालेला सगळ्यात मोठा फायदा आहे आणि बरेच पालक तो पहाटे सहाचा गजर लावून घालवतात.

आठवड्याचीही एक खुंटी ठेवा. आमचा गुरुवार बाहेरचा होता. हिवाळ्यात पहाटे कंबर तलावावर पक्षी बघायला, कधी नान्नजच्या माळावर. माळढोक एकदाही दिसला नाही, काळवीट मात्र दर वेळी. तुम्हाला ठाकुर्ली-कल्याणच्या खाडीवर चिखलात चालणारे पक्षी दिसतील. त्या दिवशी चटई नाही आणि त्याबद्दल मनात खंतही नाही.

ऋतूप्रमाणे सगळं बदलतं, बदलू द्या. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो. तेव्हा आमची चटई सकाळी साडेसहाला गच्चीवर, आणि अकरानंतर घर गपगार. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. पहिल्या वर्षी मी त्या आठवड्यातही मुलाला सकाळी पाऊण तास बसवला, आणि खिडकीतून हलगी ऐकत त्याने पानावर काहीच लिहिलं नाही. पुढच्या वर्षापासून गड्ड्याचा आठवडा मोकळा. त्याने अडुसष्ट लिंगांचा नकाशा काढायला घेतला, एकवीस झाली, तिथेच राहिला. नकाशा अजून कपाटात आहे, अर्धवट.

या बाबतीत मला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची कुरणशाळा नेहमी आठवते. कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात. आदिवासी पोरं गुरं राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. पोरांचा दिवस गुरांच्या चरण्याला बांधलेला होता, आणि तो तुटणार नव्हता. मग शिकणं तिथेच, झाडाखाली, गुरं दिसतील अशा जागी. तुमच्या घरातली गुरं म्हणजे कुकर, लॉगिन आणि साडेचारचा मुलगा.

आता वाईट दिवसांचं, कारण ते येणारच. ताप, पाहुणे, तुमचा महिनाअखेर, जीएसटीची तारीख. त्यासाठी "किमान दिवस" आधीच ठरवून ठेवा: एक गोष्ट वाचून दाखवणं, खाली एक चक्कर, आणि दिवेलागणीला सगळ्यांनी एकत्र बसणं. एवढं झालं की दिवस झाला. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात चार महिने आमचे सगळे दिवस असेच होते. मुलगी त्या काळात आजीच्या औषधांची वही ठेवायची, सकाळ-दुपार-रात्र, आधी की नंतर, निम्मी की पूर्ण. पुढे चटई परत पसरली तेव्हा काही मागे पडल्याचं दिसलं नाही. अक्षर उलट सुधारलं होतं.

मागे पडण्याच्या धास्तीबद्दल थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. त्याचं कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हणतं, पण न घातल्याबद्दल पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. घरशाळेच्या नोंदणीची सोयही त्या कायद्यात नाही. म्हणजे कायद्याने ही वाट स्पष्ट नाही, हे माहीत असून चालायचं. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. वय चौदा पूर्ण हवं, किमान पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत विषय सुटे सुटे देता येतात. आमच्या मुलीने दोन विषय ऑक्टोबरात दिले, तीन एप्रिलमध्ये. त्या वर्षी मात्र तिला घड्याळ लागलं, आणि ते तिने स्वतः लावलं. तक्ता केला, लाल-हिरव्या स्केचपेनने. मी काही बोलले नाही. तुमच्या लेकीला तिथे पोचायला अजून सहा वर्षं आहेत.

"आज शाळा नाही का?" असं लिफ्टमध्ये विचारणाऱ्यांना "घरीच शिकते" एवढंच सांगा आणि मजल्याचं बटण दाबा. लेकीसमोर त्याहून लांब उत्तर देऊ नका, तिला वाटतं आपण काही लपवतोय.

खुंट्या तीन-चार महिन्यांनी ढिल्या होतात. धाकटा दुपारी झोपेनासा झाला, तुमच्या कामाची वेळ बदलली, पावसाळा संपला, की परत आठ दिवस वही लिहायची. मी आजवर अशा अकरा-बारा वह्या भरल्या असतील.

आणि भिंतीवरचा सध्याचा तक्ता रागाने फाडू नका. मागची बाजू कोरी असेल. धाकट्याला चित्र काढायला द्या, कार्डशीट हल्ली महाग झालंय.